ट्रायगोनिया : आधी दगडात सापडला, मग जिवंत

सोलापुरात बसून समुद्री शिंपल्यावर काय लिहायचं म्हणा, इथे विहीर खणली की मुरूम नि खाली काळा दगड, म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात समुद्राचा शिंपला कुठनं येणार. पण हा लाव्हा ओतला गेला साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आणि ट्रायगोनिया नावाच्या शिंपल्यांचं घराणं जवळजवळ बुडालं तेही त्याच सुमारास, डायनासोरांबरोबर.

त्याआधी यांची चांगलीच चलती होती. जाड, तिकोनी, वरून उठावदार रेघा नि गाठी, ज्युरासिक काळातल्या खडकांत जिकडंतिकडं. आपल्याकडे कच्छमध्ये इतके निघतात की 1903 ला किचिन नावाच्या तज्ज्ञाने फक्त कच्छच्या ट्रायगोनियावर अख्खा ग्रंथ काढला. इंग्लंडात पोर्टलंडच्या खाणीतले कामगार यांच्या ठशांना घोड्याची डोकी म्हणायचे.

ट्रायगोनिया हे नाव 1789 मध्ये ब्रुगिएर या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने दिलं तेव्हा फक्त जीवाश्मच माहीत होते, त्यामुळे सगळे धरून चालले की हा प्रकार संपला. मग 1802 मध्ये बोदँ या कप्तानाच्या फ्रेंच मोहिमेवरच्या पेराँ नावाच्या निसर्गतज्ज्ञाला टास्मानियाकडे आजच्या काळातला ताजा शिंपला मिळाला आणि 1804 ला लामार्क या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने त्याला नाव दिलं. लामार्क तर मजेतच असणार, कारण प्राणी कायमचे नष्ट होतात हेच त्याला फारसं पटत नव्हतं! आतला जिवंत प्राणी मात्र 1820 च्या दशकात हाती लागला. त्याचा पाय लई ताकदीचा, स्टचबरी या इंग्रज निसर्गतज्ज्ञाने सिडनीच्या बंदरात पकडलेला एक तर उडी मारून बोटीच्या काठावरून परत पाण्यात गेला.

खरी भानगड पुढंच आहे. डायनासोरांच्या काळानंतर एकदम आजचा शिंपला, मधल्या कोट्यवधी वर्षांत काहीच नाही, आणि उत्क्रांती न मानणारे यावर बोट ठेवायचे, की वंश सलग चालतो म्हणता मग मधले कुठायत? डार्विनने उत्क्रांतीवरच्या 1859 च्या ग्रंथात ऑस्ट्रेलियातल्या या उरलेल्या शिंपल्याचा उल्लेख केलाय, पण मधली जागा तेव्हा रिकामीच होती. 1860 च्या दशकात ऑस्ट्रेलियातच त्या मधल्या काळाचे जीवाश्म मिळाले नि तो आक्षेप बारगळला.

आजचे जिवंत प्रकार जुन्यांपेक्षा वेगळे, म्हणून 1912 मध्ये कॉसमन या जीवाश्मतज्ज्ञाने त्यांची निओट्रायगोनिया ही वेगळी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली. हे मोजकेच आहेत आणि सगळे ऑस्ट्रेलियाच्या भोवतालीच राहतात, आतून मोत्यासारखे चमकतात म्हणून तिकडे त्यांचे दागिनेही केले जायचे.