बेघर बालकांचा शाळाप्रवेश

बेघर बालकांचा शाळाप्रवेश (भारत) : पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, रेल्वे फलाट, देवळाचे आवार किंवा रात्रनिवारा येथे वस्ती असलेल्या मुलांना शाळेत दाखल करणे आणि तेथे टिकवणे यांसाठीच्या कायदेशीर तरतुदी व प्रयोग.

बेघर कोणाला म्हणावे, याविषयी एकवाक्यता नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर, पाइपांत, जिन्यांखाली वा फलाटांवर आढळलेल्या कुटुंबांची नोंद झाली. देशात अशा व्यक्ती सुमारे १७.७ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख भरल्या. ही गणना एका रात्रीची आहे. पोलिसांनी हुसकावलेले किंवा रात्रपाळीला गेलेले कुटुंब प्रगणकाला भेटतेच असे नाही, म्हणून हा आकडा किमान समजणे बरे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ या व्याख्येच्या पहिल्या उपखंडात घर नसणे आणि उपजीविकेचे दृश्य साधन नसणे या दोन्ही अटी एकत्र आहेत. दुसऱ्या उपखंडात मात्र काम करणारे, भीक मागणारे किंवा रस्त्यावर राहणारे बालकही येते. पहिल्यावर भर देणारे अभ्यासक निराधार, एकट्या मुलाचा विचार करतात, तर दुसऱ्यावर भर देणारे आईबापांसह पदपथावर राहणाऱ्या मुलाचाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१७ मध्ये व्यापक अर्थ स्वीकारला आणि शाळेच्या दृष्टीने तोच सोयीचा दिसतो. बाल न्याय अधिनियमाची वाट बालकल्याण समितीकडे व पुष्कळदा बालगृहाकडे जाते, त्यामुळे ‘पोर उचलून नेतील’ या धास्तीने पालक सरकारी माणसापासून लांबच राहतात.

प्रवेशाचा मुख्य आधार आहे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०). कलम १४ नुसार वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास झालेला उशीर हे अडवण्याचे कारण होऊ शकत नाही; कलम १५ ने मुदतीनंतरचा प्रवेशही मान्य केला. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. केंद्राच्या आदर्श नियमांत त्याचा कालावधी किमान तीन महिने व कमाल दोन वर्षे आहे. अशा मुलाचे आठवीपर्यंतचे शिक्षण चौदाव्या वर्षानंतरही पूर्ण होईपर्यंत मोफत राहते, ही बाब मुख्याध्यापकांच्याही फारशी ध्यानात नसते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली.

अडचण आहे ती पत्त्याची. ‘परिसर शाळा’ ही कल्पनाच घरापासूनच्या अंतरावर उभी आहे : पहिली ते पाचवीसाठी एक आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. महापालिकेच्या शाळेत हे निभावते. खासगी शाळांत वंचित व दुर्बल गटांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी मात्र महाराष्ट्रात रहिवासी पुरावा लागतो आणि पुलाखालच्या बिऱ्हाडाला वीजबिल नसते. वंचित गटाच्या व्याख्येत रस्त्यावरील व स्थलांतरित बालकांचा स्पष्ट उल्लेख कर्नाटकाने केला. अलीकडे संचमान्यतेसाठी (पटावरून शिक्षकपदे मंजूर करण्यासाठी) आधार क्रमांक पडताळलेल्या मुलांचाच पट धरला जाऊ लागल्याने विनाआधार मूल वर्गात बसते, पण शिक्षकसंख्येच्या हिशेबात मोजले जात नाही.

कायद्याआधीचे प्रयोग मुख्यतः संस्थांचे. बांधकामांवरील मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केले. कोलकात्यातील सियालदहच्या लॉरेटो शाळेत सिस्टर सिरिल यांनी १९८५ पासून रस्त्यावरील मुलांना शाळेची दारे उघडली. नियमित विद्यार्थिनी कार्यानुभवाच्या तासाला त्यांना शिकवीत आणि काही मुली रात्री शाळेतच राहत. निवासासह शिक्षण या कल्पनेचे मूळ येथे शोधण्याचा कल आहे. तथापि आश्रमशाळांची परंपरा महाराष्ट्रात त्याहून पुष्कळ जुनी असल्याने हे श्रेय शहरी संदर्भापुरतेच मानावे.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी सिग्नल शाळा सुरू केली. मालवाहू कंटेनरांत वर्ग भरतात. सिग्नलवर गजरे व किरकोळ वस्तू विकणारी ही मुले बहुतांशी मराठवाड्यातून आलेल्या पारधी कुटुंबांतील आहेत. शाळेत आल्यावर आधी आंघोळ, मग गणवेश, खाणे आणि त्यानंतर पाटी असा क्रम असतो. हजेरीचे गणित या क्रमावर बरेच अवलंबून आहे. शाळाच मुलाच्या दारी जाते हे तिचे बलस्थान. मात्र पुलाखालचा वर्ग मुलाला इतर मुलांपासून वेगळा ठेवतो, हा आक्षेपही निराधार नाही.

हंगामी बेघरपणाचा प्रश्न वेगळा. वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेच्या भोंगाशाळा आणि कारखान्यांवर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. पुढे मूल गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर भर आला. नाव वसतिगृहाचे असले, तरी मुलांचा सांभाळ बहुधा आजीआजोबांकडे असतो.