पेरू पडला की पाडला?

आमच्या इमारतीमागे पेरूचं झाड आहे. परवा पाऊस उघडल्यावर अडीच वर्षांची एक पोर त्याखाली उकिडवी बसून मुंग्यांची रांग बघत होती. आजी म्हणत होती, "अगं, वर बघ, पोपट!" पोरीनं मानसुद्धा हलवली नाही. शेवटी आजीच शेजारी टेकली. "पाकळी ओढतेय बघ कशी. दमली वाटतं. थांबली."

"थांबली!" पोर म्हणाली.

आजीनं केलं ते नेमकं होतं. मायकेल टोमासेलो आणि जेफ्री फरार या अमेरिकी संशोधकांनी 1986 मध्ये साधारण दीड वर्षाच्या मुलांवर हेच तपासलं होतं. मूल ज्या वस्तूकडे आधीच बघतंय तिचं नाव उच्चारलं, तर ते अधिक चांगलं लक्षात राहतं. त्याचं लक्ष दुसरीकडे ओढून शिकवलेला शब्द तितका टिकत नाही. अंगणात तर दर मिनिटाला काहीतरी हलतं, गळतं, उडतं. मुलाची नजर कुठे आहे तेवढं बघायचं.

मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती क्रियापदं. चित्रांच्या पुस्तकात पेरू दिसतो, पण तो आपोआप गळला तर 'पडला' आणि फांदी हलवली तर 'पाडला', हे चित्रात कसं दिसणार? तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, सुटणं-सोडणं अशा जोड्या मराठीत पावलोपावली आहेत. कुणी केलं आणि आपोआप काय झालं, हा फरक त्यात आहे. चिखलात डबा घेऊन बसलेल्या मुलाला 'ओतलं' आणि 'सांडलं' यांतलं अंतर स्वतःच्या हातांनी कळतं. (कपडे मळणारच. मळू द्यावेत.)

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात लहान मुलांना शिकवण्याचं काम सुरू केलं, तेव्हा त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आदिवासी पाड्यांवरच्या अंगणांत गेल्या. शिंपले, बिया, पानं, खडे हीच तिथली साधनं. 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कामातून आला.

घरी परतल्यावर, जो माणूस तिथे नव्हता त्याला काय काय झालं ते मुलाला सांगू द्यावं. समोर मुंगी नसताना मुंगीची गोष्ट सांगायची तर कोण, कुठे, मग काय, हे सगळं शब्दांनीच उभं करावं लागतं. त्या संध्याकाळी जिन्यातच पोरीनं बाबांना गाठलं. "मुंगी दमली. थांबली. मग..." ती अडली, हात पुढे ओढून दाखवला, आणि शब्द सापडला. "ओढली!"

"काय ओढलं गं?" बाबा पायरीवरच बसले.