राक्षसाचे डोके खाली यायला किती वेळ लागतो?

२००५ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘गॉड ऑफ वॉर’ या व्हिडिओ गेमची सुरुवात एजियन समुद्रातील एका भीषण लढाईने होते. मोडक्या जहाजांच्या डेकवर खेळाचा नायक क्रेटोस उभा असतो आणि पाण्यातून अनेक डोक्यांचा हायड्रा वर येतो. लहान डोकी आवरल्यावर मुख्य डोक्याशी गाठ पडते आणि ते मोडलेल्या डोलकाठीत घुसून अडकते, तेव्हा ही बॉस फाइट, म्हणजे मोठ्या शत्रूशी होणारी निर्णायक लढत, संपते. घरातल्या टीव्हीवर हे डोके फार तर वीत-दोन वीत दिसत असेल, तरीही ते प्रचंड आहे याबद्दल खेळणाऱ्याच्या मनात शंका उरत नाही. शेजारी माणसाच्या उंचीचा क्रेटोस दिसतो, त्यामुळे तुलना होते, हे खरेच; पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे कारण काळाचे आहे. एखादी वस्तू किती सावकाश हलते, यावरून आपण तिच्या आकाराचा अंदाज बांधत असतो.

बाळाचा पाळणा आणि वडाच्या उंच फांदीला बांधलेला झोका यांची लय आठवून पाहावी. पाळणा झरझर हलतो, झोका मात्र सावकाश जातो आणि सावकाश परततो. एक मीटर लांबीच्या लंबकाचे एक पूर्ण आंदोलन सुमारे २ सेकंदांत होते, तर २५ मीटर लांबीच्या लंबकाला त्यासाठी सुमारे १० सेकंद लागतात. लांबी २५ पट झाली, वेळ ५ पट झाला. म्हणजे वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पडणाऱ्या वस्तूलाही हाच नियम लागू आहे. टेबलापासून २० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेली वस्तू ०.२ सेकंदात खाली येते. २० मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला २ सेकंद लागतात. हायड्राचे डोके डेकपासून २० मीटर उंच आहे असे मानले, आणि ॲनिमेटरने ते ०.२ सेकंदात आपटवले, तर त्याचा सरासरी वेग ताशी ३६० किलोमीटर होईल. हे गणित खेळणारा करत नाही, पण त्याच्या डोळ्यांना ते खटकते आणि राक्षसाच्या जागी रबरी खेळणे दिसू लागते. स्नायूंचा जोर लावून डोके थोडे लवकर खाली आणता येईल, हे मान्य. मात्र त्या सवलतीलाही मर्यादा आहे.

समुद्राच्या लाटाही याच वर्गमुळाने बांधलेल्या आहेत. खोल पाण्यातील एक मीटर लांबीची लाट दर ०.८ सेकंदाला आपल्यापुढून जाते, तर शंभर मीटर लांबीची लाट दर ८ सेकंदांनी. इंग्लंडमधील अभियंते विल्यम फ्रूड यांनी जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून मोठ्या जहाजांचा अंदाज घेण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी केली आणि त्यासाठी टॉर्की येथे १८७२ मध्ये चाचणीची टाकी सुरू झाली. प्रतिकृती जहाजाच्या पंचविसाव्या हिश्शाची असेल तर तिचा वेग पाचवा हिस्सा ठेवावा लागतो, म्हणजे तिच्याभोवतीच्या लाटांचा आकार खऱ्या जहाजाच्या लाटांशी जुळतो. चित्रपटांतही छोट्या टाकीतला समुद्र मोठा भासावा म्हणून याच हिशेबाने वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून दृश्य संथ केले जात असे.

एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नाही, ती म्हणजे पाण्याचा थेंब. थेंबाचा आकार पृष्ठताणामुळे ठरतो, त्यामुळे पावसाचा थेंब काही मिलिमीटरहून मोठा झाला की पडता पडता फुटतो. पंचविसाव्या हिश्शाच्या प्रतिकृतीजवळ उडालेला चार मिलिमीटरचा थेंब पडद्यावर १० सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ लहान नारळाएवढा दिसतो आणि सगळे बिंग फुटते. व्हिडिओ गेममध्ये तुषार संगणकाने रेखाटलेले असल्यामुळे त्यांचा आकार कलाकाराच्या हाती असतो, पण तिथेही चूक तीच होते. थेंब मोठे आणि मोजके काढले की राक्षस लहान होतो. धुक्यासारखी बारीक फवार उठवली की तो पुन्हा वाढतो.

आता खेळणाऱ्याची बाजू पाहू. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि कोणत्या दिशेने उडी मारायची हे ठरवायचे असेल तर त्याहून जास्त. म्हणून प्रत्येक हल्ल्याआधी पूर्वसूचना द्यावी लागते. डोके मागे जाते, क्षणभर थांबते आणि मग कोसळते. माणसाएवढ्या शत्रूला अशी उसंत दिली तर ती कृत्रिम वाटू शकते. महाकाय प्राण्याच्या बाबतीत मात्र गुरुत्वाकर्षणच दोन सेकंदांची सवड देऊन जाते. निसर्गनियम आणि खेळाचा न्याय यांचा असा मेळ मला विलक्षण सुंदर वाटतो.

संथपणाला शरीराच्या आतूनही कारण आहे. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये माकुलाच्या, म्हणजेच स्क्विडच्या, जाड चेतातंतूवरून संदेश कसा धावतो याचे गणित मांडले. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर असतो. ‘गॉड ऑफ वॉर २’ मध्ये क्राकेन या लांब भुजांच्या महाकाय समुद्रराक्षसाशी लढाई आहे. अशा प्राण्याची एखादी भुजा ५० मीटर लांब धरली, तर मेंदूची आज्ञा तिच्या टोकाला पोहोचायला अडीच सेकंद लागतील आणि टोकाला झालेली जखम मेंदूला कळायला आणखी अडीच. तंतू जाड करून वेग वाढवता येतो, पण इथेही वर्गमूळ आडवे येते. वेग दसपट हवा असेल तर जाडी शंभरपट, म्हणजे एकेक तंतू पाच सेंटिमीटर जाडीचा लागेल.

खऱ्या ऑक्टोपसने मात्र वेगळी वाट काढली आहे. त्याच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ दोनतृतीयांश पेशी आठ भुजांमध्ये विखुरलेल्या असतात, आणि मेंदूपासून तोडलेल्या भुजेलाही उद्दीपन दिले तर ती सफाईने पुढे झेपावते, हे प्रयोगांत दिसले आहे. अनेक खेळांत समुद्रराक्षसाची प्रत्येक भुजा स्वतंत्र शत्रू असते. एक जायबंदी झाली तरी बाकीच्या डेकवर आपला शोध चालूच ठेवतात.