आवाज मागे आहे की मागे पडतोय? डीव्हीडी करताना गल्लत होणारे दोन दोष

लग्नाची डीव्हीडी लावली की भटजींचे ओठ हलून थांबतात आणि मग 'सावधान' ऐकू येतं. अशा डिस्कबद्दल घरातले सगळे एकच वाक्य बोलतात, 'आवाज मागे आहे.' दुरुस्ती करायला बसलेल्या माणसाला या वाक्यातून फार थोडं कळतं, कारण त्यामागे दोन अगदी वेगळे दोष असू शकतात. एकात आवाज पहिल्या मिनिटाला जितका मागे, तितकाच शेवटच्या मिनिटालाही मागे असतो. दुसऱ्यात सुरुवात बरोबर असते. पुढे आवाज ढळत जातो आणि पंगती बसेपर्यंत पाच-सहा सेकंदांची तफावत पडते. गाण्यात बोलायचं तर पहिल्या प्रकारात लय जुळलेली आहे, फक्त सम चुकली आहे. दुसऱ्यात लयच वेगळी आहे. पुढे मी पहिल्याला 'अंतर' म्हणेन आणि दुसऱ्याला 'घसरण'.

अंतर असेल तर आवाज सरकवायचा. घसरण असेल तर चित्र किंवा आवाज ताणायचा किंवा आवळायचा. घसरणीवर सरकवण्याचा उपाय केला की नेमकं काय होतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे: मधलं एक ठिकाण बरोबर जुळतं, त्याआधी आवाज पुढे पळतो आणि त्यानंतर मागे राहतो. माणूस पुन्हा सरकवतो, आता दुसरंच ठिकाण जुळतं. यात कोऱ्या डिस्क आणि रात्री दोन्ही वाया जातात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मोजमाप करावं, आणि ते एका नव्हे, दोन ठिकाणी करावं.

मोजण्यासाठी व्हीएलसी हा मोफत व्हिडिओ प्लेअर पुरतो. फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी एकेक जागा शोधा जिथे हालचाल आणि आवाज एकाच क्षणी होतात. टाळी, आरतीतली झांज, ढोलावर पडलेलं टिपरू, टेबलावर आपटलेलं भांडं, काहीही चालेल. बोलणाऱ्याच्या ओठांवरून अंदाज येतो, पण तो ढोबळ असतो. फाईल चालू असताना 'के' दाबलं की आवाज 50 मिलिसेकंदांनी उशिरा येतो आणि 'जे' दाबलं की तितकाच लवकर येतो. तफावत मोठी असेल तर 'टूल्स'मधल्या 'ट्रॅक सिंक्रोनायझेशन'मध्ये आकडा थेट लिहा. दोन्ही ठिकाणी जुळणी होईल तो आकडा टिपून ठेवा. दोन्ही आकडे सारखे असतील तर अंतर, वेगळे असतील तर घसरण. व्हीएलसीतला हा बदल फक्त पाहण्यापुरता असतो, मूळ फाईल तशीच राहते. आणि हे सगळं वायरच्या हेडफोनवर किंवा साध्या स्पीकरवर करा. ब्लूटूथ स्वतःच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातं, मग आपण फाईलचा दोष मोजतोय की हेडफोनचा, हेच कळत नाही.

किती फरक चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या 1998 च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतो, मागे राहिला तर मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. मागे राहिलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण ती रोजची सवय आहे. पन्नास मीटरवर ढोल वाजत असेल तर टिपरू पडलेलं आधी दिसतं आणि आवाज सुमारे 145 मिलिसेकंदांनी पोचतो. उलटं मात्र निसर्गात कधी घडत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा आवाज किंचित मागे राहू द्यावा, पुढे जाऊ देऊ नये.

अंतराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते बहुतेक वेळा कापाकापीतून येतं. व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे नव्याने न बांधता, नुसता कापला, तर चित्र फक्त पूर्ण साठवलेल्या फ्रेमपाशीच (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) कापता येतं आणि अशा फ्रेम कधी कधी दोन-दोन सेकंदांच्या अंतरावर असतात. आवाजाला ही अडचण नसते. चित्र एका जागी तुटतं, आवाज दुसऱ्या, आणि पुढची सगळी फाईल तेवढीच सरकते. दुसरं कारण, मूळ फाईलमध्येच 'आवाज इतक्या मिलिसेकंदांनी सुरू करा' अशी नोंद असते आणि रूपांतर करणारा प्रोग्राम ती वाचत नाही. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ही नोंद दिसते. दुरुस्ती सोपी आहे: एव्हीडेमक्स या व्हिडिओ कापण्याजोडण्याच्या प्रोग्राममध्ये आवाजाच्या 'शिफ्ट'पुढे मोजलेला आकडा लिहा, किंवा चित्र-आवाजाचे ट्रॅक एका फाईलमध्ये बांधणाऱ्या एमकेव्हीटूलनिक्समध्ये 'डिले'पुढे. हे डिस्कसाठी रूपांतर करण्याआधी करा. डीव्हीडीचा डॉल्बी डिजिटल आवाज 32 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधलेला असतो, त्यामुळे नंतर त्याला पुन्हा एन्कोड न करता हलवायचं म्हटलं तर तेवढ्याच टप्प्यांनी हलतो.

खरी डोकेदुखी घसरणीची. ती समजायला डीव्हीडी काय मागते ते पाहावं लागेल. फोनची एमपीफोर फाईल संगणकावर बरोबर चालते, कारण तिच्यातल्या प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का असतो आणि प्लेअर तो वाचत जातो. डीव्हीडी-व्हिडिओ मात्र जुन्या टीव्हीच्या मापात बांधलेला प्रकार आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत 720 गुणिले 576 आकाराचं एमपेग-2 चित्र, सेकंदाला बरोबर 25 फ्रेम. अमेरिकेतल्या एनटीएससीत 720 गुणिले 480, सेकंदाला 29.97 फ्रेम. आवाज डॉल्बी डिजिटल, एमपेग लेयर-2 किंवा बिनदाबाचा पीसीएम, आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, 48 किलोहर्ट्झ. फोनमधला एएसी किंवा जुना एमपीथ्री हे आवाजाचे प्रकार तिथे चालतच नाहीत. म्हणजे रूपांतरात चित्राचं आणि आवाजाचं, दोघांचंही घड्याळ नव्याने लावलं जातं. त्यांपैकी एक जरी चुकीचं लागलं तरी घसरण सुरू होते. 'संगणकावर तर बरोबर होतं' ही तक्रार त्यामुळेच इतक्यांदा ऐकू येते, आणि ती खरीच असते.

घसरण एकसारखी असेल तर आकडेच दोषी दाखवतात. समजा, कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांनी तिथल्या कॅमकॉर्डरवर काढलेली 100 मिनिटांची मुंज आहे. सुरुवातीला आवाज बरोबर, शेवटी 6 सेकंद मागे. 6000 सेकंदांत 6 सेकंद म्हणजे हजारात एक. 30 आणि 29.97 यांच्यातला फरक नेमका एवढाच. कुठेतरी 29.97 चं चित्र सरळ 30 समजून चालवलं गेलं आहे. मीडियाइन्फोत चित्राची आणि आवाजाची लांबी वेगवेगळी दिसते: चित्र 1 तास 39 मिनिटं 54 सेकंद, आवाज 1 तास 40 मिनिटं. अंतराच्या दोषात या दोन लांबी जवळपास सारख्या असतात, म्हणून फाईल न पाहताही पहिला अंदाज इथेच बांधता येतो.

तफावत त्याहून मोठी, तासाला 2 मिनिटं 24 सेकंद इतकी असेल, तर 24 फ्रेमचं चित्र 25 च्या वेगाने पळतंय. ही गोष्ट चित्रपटांच्या पाल आवृत्त्यांमध्ये मुद्दाम केली जाते, तिथे आवाजही सोबत पळवतात. म्हणून 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. घरी रूपांतर करताना फक्त चित्र पळतं आणि आवाज आपल्या वेगाने चालत राहतो.

आता प्रश्न असा की ताणायचं काय, चित्र की आवाज? इथे पुष्कळ जण डोळे झाकून आवाज ताणतात. मला ते पटत नाही. आधी कोण चुकलंय ते ठरवावं, आणि ते कानाने ठरतं. गायिकेचा षड्ज काळी एक होता हे घरात माहीत आहे आणि फाईलमध्ये तो पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतो, तर आवाजच पळतोय: 44.1 किलोहर्ट्झचा आवाज 48 चा समजून वाजवला जातोय. अशा वेळी तासाभराचा आवाज 55 मिनिटं साडेसात सेकंदांत संपतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये त्या ट्रॅकचा 'रेट' 44100 करा, स्वर जागेवर येतील आणि लांबीही. मग 48000 ला निर्यात करा. स्वर मुळात बरोबर असेल तर आवाजाला हात लावू नका, चित्राचा वेग दुरुस्त करा. एमकेव्हीटूलनिक्समध्ये 'डिले'सोबतच 'स्ट्रेच बाय' ही दुसरी चौकट आहे. वरच्या मुंजीच्या चित्रापुढे तिथे 1001/1000 लिहिलं की काम होतं. ही चौकट आवाजाच्या ट्रॅकला वापरू नये, असं त्या प्रोग्रामच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे.

आवाज ताणायचाच झाला तर ऑडॅसिटीतल्या दोन पर्यायांत फरक करा. 'चेंज स्पीड' वेग आणि स्वर दोन्ही बदलतं. 'चेंज टेम्पो' स्वर राखून वेग बदलतं, पण सनईच्या लांब सुरांवर त्याची किंचित थरथर ऐकू येऊ शकते. हजारात एक इतक्या फरकाला साधं 'चेंज स्पीड' उत्तम, तो स्वरबदल कानाला कळतही नाही.

फोनच्या व्हिडिओची घसरण मात्र एकसारखी नसते. फोनवर 30 फ्रेम निवडलेल्या असल्या तरी प्रकाश कमी झाला की बरेच फोन फ्रेमचा वेग उतरवतात. दुपारच्या मांडवात आवाज जुळलेला असतो आणि संध्याकाळच्या स्वागतसमारंभात घसरू लागतो, ते यामुळे. रूपांतर करणारा प्रोग्राम वेळेचे शिक्के न वाचता नुसत्या फ्रेम मोजत गेला, तर सरासरी 29.5 फ्रेमचा तास 59 मिनिटांत संपतो आणि आवाज पूर्ण मिनिटभर उरतो. मीडियाइन्फोत 'फ्रेम रेट मोड'पुढे 'व्हेरिएबल' दिसलं की ताणण्याचा विचार सोडून द्या, एका गुणोत्तराने हे सुटणार नाही. मूळ फाईल आधी हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्राममधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून काढा. तो शिक्के पाहून गरजेप्रमाणे एखादी फ्रेम दोनदा घेतो किंवा वगळतो. मग ती फाईल डीव्हीडीस्टाइलरसारख्या डीव्हीडी बनवणाऱ्या प्रोग्रामला द्या. 30 फ्रेमच्या फोन-व्हिडिओची डिस्क मी एनटीएससीतच करावी म्हणेन. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती वाचतात, पालमध्ये सेकंदाच्या पाच फ्रेम गाळल्या गेल्याने वरातीत फिरणारा कॅमेरा धक्के खातो, आणि डिस्क अमेरिकेत पाठवायची असेल तर तिथे पाल चालेलच याची खात्री नसते.

व्हीएचएस कॅसेटवरून घेतलेल्या फाईलची घसरण आणखी वेगळी, पायऱ्यापायऱ्यांची असते. टेप जिथे चुरगळलेली किंवा बुरशी धरलेली असते, तिथे कॅप्चर करणारं उपकरण फ्रेम सोडून देतं, आवाज मात्र अखंड नोंदला जातो. पालच्या तासात 90,000 फ्रेम. त्यांतल्या 90 गळाल्या तरी आवाज 3.6 सेकंद मागे पडतो, तोही दोन-तीन झटक्यांत. या दोषाची सुरुवात आणि शेवट मोजून काढलेलं गुणोत्तर मधल्या प्रत्येक जागी चुकतं. म्हणून घसरण निघाली की तिसरं मोजमाप मध्यावर घ्या. ते पहिल्या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये आलं तर घसरण एकसारखी, नाहीतर झटक्यांची.

कॅसेट हाताशी असेल तर प्लेअरचं हेड साफ करून, शक्य असेल तर टाइम बेस करेक्टर (टेपचा डळमळीत सिग्नल स्थिर करणारं उपकरण) लावून, ती पुन्हा घेणं हाच चांगला मार्ग. कॅप्चर चालू असताना गळालेल्या फ्रेमचा आकडा दाखवणारा प्रोग्राम वापरा आणि त्याच्यावर नजर ठेवा. कॅसेट उरली नसेल तर फाईलचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र जुळवावा लागतो. म्हणजे घसरणीचं रूपांतर अनेक छोट्या अंतरांत करायचं. हे वाटतं त्यापेक्षा कमी कष्टाचं आहे, कारण त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये कितीतरी भागावर फोटोग्राफरने गाणी चढवलेली असतात. तिथे ओठ जुळवायला काही नसतंच. सगळी मेहनत मंगलाष्टकं, उखाणे आणि आता हयात नसलेल्या माणसांचं दोन मिनिटांचं बोलणं यांवर खर्च करा. आजीने उखाण्यात घेतलेलं नाव तिच्या ओठांवर बसलं पाहिजे, बाकी थोडं इकडेतिकडे चालेल.

डिस्क लिहिण्याआधी तयार झालेलं 'व्हिडिओ टीएस' फोल्डर व्हीएलसीत उघडून तीन ठिकाणी तपासा. पहिली प्रत पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर काढा आणि खऱ्या प्लेअरवर चालवा. संगणकावर जुळलेला आवाज टीव्हीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मापाने मागे दिसला, तर डिस्कमध्ये काही करू नका. तो उशीर टीव्ही किंवा साउंडबारचा आहे, आणि त्यांच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' नावाने तो दुरुस्त करण्याची सोय बहुधा असते. आवाज मधूनमधून तुटत असेल तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाचावी लागते ते, पाहा. चित्र, आवाज सगळं मिळून सेकंदाला 10.08 मेगाबिट ही डीव्हीडीची कमाल मर्यादा आहे, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर जुने प्लेअर त्याआधीच अडखळतात. दोन तासांचा कार्यक्रम 4.7 जीबीच्या डिस्कवर बसवायला साधारण 5 मेगाबिट पुरतात, आणि तेवढ्यात राहिलात तर हा त्रास सहसा होत नाही.