१९७५ चे दोन अल्बम: नॉइज आणि ॲम्बियंटची पार्श्वभूमी

जुलै १९७५ मध्ये आरसीए या अमेरिकन कंपनीनं रॉक गायक-गिटारवादक लू रीडचा ‘मेटल मशीन म्युझिक’ हा दोन तबकड्यांचा अल्बम बाजारात आणला. त्याच्या आदल्याच वर्षी रीडचा ‘सॅली कान्ट डान्स’ अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहात जाऊन बसला होता. त्यामुळे नवी गाणी मिळतील या भरवशावर लोकांनी पैसे मोजले. घरी जाऊन सुई टेकवली तर चार बाजू, प्रत्येकी साधारण १६ मिनिटं, सलग गिटारचा फीडबॅक. ॲम्प्लिफायरसमोर गिटारी ठेवून त्यांना आपापसात किंचाळू दिलेलं. शब्द नाहीत, ठेका नाही, चाल नाही. चौथ्या बाजूची शेवटची खाच तर अशी कोरलेली, की सुई तिथेच गोल गोल फिरत राहते. ऐकणाऱ्यानं उठून ती उचलल्याशिवाय अल्बम संपतच नाही. कित्येकांनी तबकड्या दुकानात परत नेऊन दिल्या आणि काही आठवड्यांतच कंपनीनं अल्बम मागे घेतला. गोंगाटालाच संगीत मानणाऱ्या ‘नॉइज’ या प्रकाराच्या वाटेवरचा हा अल्बम.

त्याच वर्षाच्या अखेरीला इंग्लंडमध्ये संगीतकार ब्रायन ईनोचा ‘डिस्क्रीट म्युझिक’ आला. त्याची पूर्ण पहिली बाजू, सुमारे अर्धा तास, म्हणजे सिंथेसायझरवरचे दोन छोटे स्वरसमूह. दोन टेपरेकॉर्डर जोडून केलेल्या यंत्रणेतून ते पुन्हा पुन्हा फिरतात, एकमेकांवर साचत जातात आणि विरत जातात. यंत्रणा एकदा लावून दिल्यावर आपण फोन घेत होतो, दार उघडत होतो, असं ईनोनं नंतर सांगितलं. यंत्रणा कशी जोडली होती, त्याची आकृतीच त्यानं वेष्टनावर छापली. आणि ऐकणाऱ्याला सल्ला दिला, की आवाज अगदी बारीक ठेवा, मधूनमधून ऐकू आला नाही तरी चालेल. पार्श्वभूमीला राहून वातावरण घडवणाऱ्या या संगीताला पुढे ‘ॲम्बियंट’ म्हणू लागले.

या अल्बमाबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जानेवारी १९७५ मध्ये टॅक्सीच्या धडकेनं ईनो अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीनं जुन्या हार्पसंगीताची तबकडी लावून दिली आणि ती निघून गेली. आवाज फार कमी होता, एक स्पीकर बंद होता आणि उठून आवाज वाढवण्याचं त्राण अंगात नव्हतं. मग पावसाच्या आवाजात अधूनमधून उमटणारे हार्पचे स्वर ऐकत तो पडून राहिला. गोष्ट त्यानंच लिहिली आहे, तेव्हा खोटी म्हणायचं कारण नाही. पण तिच्यामुळे ॲम्बियंट म्हणजे एका माणसाला आजारपणात झालेला साक्षात्कार असं चित्र रूढ झालं आणि त्यामागचं घराणं झाकलं गेलं.

कारण हे दोन अल्बम दुकानात एकमेकांपासून कितीही लांब ठेवले, तरी त्यांची वंशावळ एकाच माणसापाशी पोहोचते. तो म्हणजे अमेरिकन संगीतकार ला माँट यंग. रीडनं ‘मेटल मशीन म्युझिक’च्या वेष्टनावरच त्याचं नाव घेऊन ऋण मान्य केलं होतं. शिवाय रीडचा ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’ या रॉक गटातला साथीदार जॉन केल त्याआधी यंगच्या गटात व्हिओला वाजवत असे. ईनो साठच्या दशकात कला महाविद्यालयात शिकत होता, तेव्हा पियानोवर एकच स्वरपुंज आपटत राहण्याची यंगची रचना त्यानं सादर केली होती. पुढे त्यानं यंगला ‘आम्हा सगळ्यांचा बाप’ म्हटलं.

यंगचा जन्म १९३५ चा, आयडाहोतल्या एका खेड्यातला. घर लाकडी ओंडक्यांचं. फटींतून शिरणाऱ्या वाऱ्याचा घोंघाट ही आपली ध्वनीची पहिली आठवण, असं तो सांगतो. १९५८ मध्ये त्यानं तीन तंतुवाद्यांसाठी अशी रचना लिहिली, की तिच्यात स्वर मिनिटामिनिटांनी लांबतात आणि मधल्या शांतताही तितक्याच लांब. न्यूयॉर्कला आल्यावर त्याचा गट तासन्‌तास एकच स्वरसंगती धरून बसू लागला, तोही कानठळ्या बसतील अशा मोठ्या आवाजात. घरातल्या कासवाच्या काचपेटीला लावलेल्या मोटारीची गुणगुण हाच त्यांच्या एका रचनामालिकेचा आधारस्वर होता. ‘मोठ्यानं’ आणि ‘लांबवून’ या दोन गोष्टी तिथे एकत्र नांदत होत्या. पुढे रीडनं मोठा आवाज घेतला, ईनोनं लांबण.

इथे मराठी वाचकाचे कान टवकारतील. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांची एक एलपी अमेरिकेत निघाली. तिच्यात सरोदच्याही आधी आपल्याला तंबोऱ्यानं पकडलं, असं यंगनं सांगितलं आहे. १९७० मध्ये त्यानं पंडित प्राणनाथ यांना न्यूयॉर्कला आणलं आणि तो, त्याची पत्नी मारियन झझीला व संगीतकार टेरी रायली त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. हिराबाई बडोदेकरांनीही याच वहीद खाँसाहेबांची तालीम घेतली होती, म्हणजे नातं गुरुबंधूचं. वहीद खाँसाहेबांची अतिविलंबित बढत, एकेका स्वरावर ठाण मांडून बसणं, हे प्राणनाथांच्या गाण्यात आणखी टोकाला गेलं. दिल्लीच्या मैफलींना ते फारसं मानवलं नाही. न्यूयॉर्कच्या पोटमाळ्यांवर मात्र त्याला श्रोते मिळाले.

‘त्यांनी आपल्याकडूनच घेतलं’ असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ते खरं नाही. १९५८ ची रचना प्राणनाथांच्या भेटीच्या कितीतरी आधीची. आणि आपल्याकडे तंबोरा गाण्यासाठी असतो, गाणं तंबोऱ्यासाठी नाही. मिरजेचे कारागीर पंढरपूर भागातले भोपळे घेऊन तंबोरे घडवतात, जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, काढताना घोडीवर एकेका केसाएवढा फरक करतात. सुरेल लागलेल्या खर्जातून गंधार आपोआप बोलू लागला, की गवयाच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. पण तिथून पुढे तो गायला लागतो. यंगनं तो पुढचा भागच काढून टाकला. १९८२ मध्ये त्यानं आणि झझीलानं नुसते तंबोरे छेडून केलेलं ध्वनिमुद्रण १९९९ मध्ये ‘द तंबुराज ऑफ पंडित प्राणनाथ’ या नावानं प्रसिद्ध झालं. त्यावर दुसरं काहीही नाही. आपल्याकडे ही ‘तयारी’ ठरली असती, मैफल नव्हे. मागच्याला पुढे आणून बसवण्याचं हे धाडस मला त्यांचंच वाटतं. सामग्री मात्र आपल्या ओळखीची.

प्राणनाथांचा आणखी एक शिष्य ट्रम्पेटवादक जॉन हॅसल. त्यानं रागातली मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, ट्रम्पेटमध्ये आणली आणि १९८० मध्ये ईनोबरोबर ‘पॉसिबल म्युझिक्स’ हा अल्बम केला. किराणा घराणं आणि ॲम्बियंट यांच्यातला हा सरळ दुवा आहे, पण आपल्याकडच्या चर्चेत तो क्वचितच येतो.

यंगच्या मागे गेलं तर दोन पूर्वज दिसतात, पुन्हा एक मोठ्या आवाजाचा आणि एक बारीक. इटालियन चित्रकार लुइजी रुसोलोनं ११ मार्च १९१३ ला एका संगीतकार मित्राला पत्र लिहिलं. वाद्यवृंदाचे आवाज पुरेसे नाहीत, आता गिरण्या, ट्राम आणि गर्दीचे आवाज संगीतात हवेत, असं त्यात मांडलं होतं. पुढच्या वर्षी मिलानमध्ये त्यानं स्वतः बनवलेल्या खोक्यांसारख्या आवाजयंत्रांचा कार्यक्रम केला आणि प्रेक्षागृहात हाणामारी झाली. ती यंत्रं आज उरलेली नाहीत. दुसरा फ्रेंच संगीतकार एरिक साती. १९२० मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात त्यानं मध्यंतरात वाजवायला खुर्च्याटेबलांसारखं ‘फर्निचर संगीत’ लिहिलं. वादक वाजवू लागताच लोक गप्प होऊन ऐकायला लागले, तेव्हा ‘बोला, फिरा, ऐकू नका’ म्हणत साती वैतागून फिरत होता. रुसोलोचा गोंधळ आणि सातीचा वैताग या दोन्हींचं मूळ एकच होतं: या आवाजांपुढे नेमकं कसं बसायचं हे श्रोत्यांना ठाऊक नव्हतं.

मधल्या टप्प्याचं श्रेय रेडिओला. पॅरिसमध्ये रेडिओ अभियंता पिएर शेफरनं रेल्वे स्थानकात इंजिनांचे आवाज तबकडीवर टिपले आणि तुकडे जोडून रचना केली. ५ ऑक्टोबर १९४८ ला फ्रेंच रेडिओवरून ती प्रसारित झाली. बंद खाचेची युक्ती, म्हणजे एकाच वेढ्यात फिरणारी सुई, शेफरच्या कामातही होती. रीडनं ती सत्तावीस वर्षांनी घराघरांत पोहोचवली.

अमेरिकन संगीतकार जॉन केजकडे मात्र जरा थांबायला हवं. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. केज त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवू लागला, मोबदल्यात त्या भारतीय संगीत सांगत. संगीत कशासाठी, या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर दिलं: मन शांत करावं, म्हणजे दैवी प्रभावाला ते खुलं होतं. केज हे उत्तर आयुष्यभर सांगत राहिला. २९ ऑगस्ट १९५२ ला वुडस्टॉकमध्ये केजची रचना म्हणून डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक पियानोपुढे ४ मिनिटं ३३ सेकंद काहीही न वाजवता बसला. तेव्हा ऐकू आला तो बाहेरचा वारा, छपरावरचा पाऊस आणि श्रोत्यांची कुजबुज. हाच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवायला आला. १९७२ पर्यंत तिथे गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी इलेक्ट्रॉनिक संगीत केलं. टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांच्या हाती त्या लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा अल्बम निघाला. पन्नास वर्षं आपल्याला पत्ताच नव्हता, असं म्हटलं तरी चालेल.

ॲम्बियंट हे नाव ईनोनं १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ला दिलं. जर्मनीतल्या कोलोन-बॉन विमानतळावर ऐकलेलं भिकार संगीत त्याला खटकलं होतं. त्याचा खरा प्रतिस्पर्धी होता म्युझॅक. १९३४ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी लिफ्टपासून कारखान्यांपर्यंत गोड, गुळगुळीत चाली पुरवत असे. म्युझॅक मनातली शंका पुसून टाकतं, आपल्याला ती ठेवायची आहे, असा ईनोचा दावा होता. अल्बमातल्या एका रचनेत फक्त मानवी आवाज आहेत. प्रत्येक स्वराची टेप वेगळ्या लांबीची, एक साडेतेवीस सेकंदांची, दुसरी सव्वीसच्या थोडी आत, तिसरी तीसच्या जवळ. वेगवेगळ्या मात्रांची आवर्तनं एकदम सुरू करावीत आणि सगळ्यांची सम पुन्हा कधी एकत्र पडूच नये, तसं ते चालतं. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर ते खरोखर वाजवलं गेलं.

त्याच सुमारास जपानमध्ये दोन्ही धारा शेजारी शेजारी वाहत होत्या. १९७९ मध्ये क्योतोत हिजोकाईदान हा नॉइज गट आणि तोक्योत मासामी अकिताचा मर्झबो हा एकट्याचा नॉइज प्रकल्प सुरू झाले. मर्झबो हे नाव जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सनं भंगारातून उभारलेल्या बांधकामावरून घेतलेलं. अकिता घरी कॅसेट भरायचा, झेरॉक्स चित्रांची वेष्टनं करायचा आणि टपालानं देशोदेशी पाठवायचा. कॅसेट नसती, तर जपानी नॉइज ओसाका-तोक्योच्या चार क्लबांबाहेर गेलं असतं की नाही, शंकाच आहे. १९९६ चा ‘पल्स डीमन’ मात्र अमेरिकेतल्या मेटल संगीताच्या कंपनीनं काढला आणि २००० मध्ये ‘मर्झबॉक्स’ या नावानं ५० सीडींचा संच निघाला. इनकॅपॅसिटंट्स या दुसऱ्या गटाचा तोशिजी मिकावा दिवसा बँकेत नोकरी करायचा. नॉइज म्हणजे रागावलेल्या पोरांचा उद्योग, या समजुतीला हा एक चांगला उतारा आहे.

आणि त्याच तोक्योत ॲम्बियंट करणारा हिरोशी योशिमुरा होता. हारा संग्रहालयाच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडांवरून त्यानं घरच्या कीबोर्डवर नऊ छोट्या रचना केल्या. त्या संग्रहालयात वाजू लागल्या, लोक चौकशी करू लागले आणि १९८२ मध्ये ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्‌स’ निघाला. योशिमुरा २००३ मध्ये वारला. जगभरातले बहुतेक श्रोते त्याला त्यानंतर मिळाले, तेही यूट्यूबच्या शिफारशींमुळे.

माध्यम बदललं की ऐकणं बदलतं, हे या इतिहासात सतत दिसतं. एलपीची बाजू सहसा वीस-पंचवीस मिनिटांत उलटावी लागे आणि सुईची खरखर बारीक स्वर गिळून टाकी. सीडी आल्यावर ईनोनं १९८५ मध्ये ‘थर्सडे आफ्टरनून’ ही ६१ मिनिटांची सलग रचना केली, सीडीशिवाय ती शक्यच नव्हती. १९८८ मध्ये अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस वॉशिंग्टन राज्यातल्या एका रिकाम्या भूमिगत टाकीत ॲकॉर्डियन घेऊन उतरली. तिथे स्वर विरायला ४५ सेकंद लागत, म्हणजे वादकालाच आधी ऐकणं भाग. अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्कीनं २००१ मध्ये आपल्या १९८२ च्या टेप डिजिटल करायला घेतल्या, तर फिरता फिरता टेपवरचा थरच झडू लागला. त्यानं यंत्र थांबवलं नाही. स्वर झिजत झिजत नाहीसे होईपर्यंत मुद्रण चालू ठेवलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या दिवशी ब्रुकलिनच्या गच्चीवरून त्यानं न्यूयॉर्कवरच्या धुराचं चित्रण केलं आणि ‘डिसइंटिग्रेशन लूप्स’ नावाच्या या रचना कायमच्या त्या दिवसाशी जोडल्या गेल्या. संगीत मात्र त्या दिवसाबद्दल नव्हतं, एवढं ऐकताना लक्षात ठेवावं.

‘मेटल मशीन म्युझिक’ला चेष्टा म्हणणारे अजून भेटतात. २००२ मध्ये बर्लिनच्या त्साइटक्रात्सर या वाद्यवृंदानं ते ऐकून ऐकून स्वरलिपीत उतरवलं आणि व्हायोलिन, ॲकॉर्डियन वगैरे साध्या वाद्यांवर मंचावर वाजवलं. रीड स्वतः त्यात सामील झाला. फोनच्या स्पीकरवर ऐकून त्याबद्दल मत बनवू नये. खालच्या पट्टीतले स्वर तिथे पोहोचतच नाहीत, उरते ती फक्त कर्कशता. उलट ईनो फोनवर बिघडत नाही, आणि मला ती त्याची थोडी कमकुवत बाजूही वाटते.

आता नॉइज आणि ॲम्बियंट या दोन्ही शब्दांचा एक मोठा बाजार झोपेचा आहे. पावसाचा आवाज, पंख्याची घरघर, व्हाइट नॉइज, अशा तीस-चाळीस सेकंदांच्या तुकड्यांची रांग लावून मानधन गोळा करण्याचा धंदा इतका वाढला, की नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पॉटिफायला नियम बदलावे लागले. अशा ‘उपयोगी आवाजां’ना आता किमान दोन मिनिटांची लांबी लागते आणि त्यांना गाण्यापेक्षा कमी दर मिळतो. ‘उपयोगी आवाजां’च्या यादीत यंत्रांचे आवाज आहेत, निसर्गाचे आवाज आहेत आणि शांततेचं ध्वनिमुद्रणही आहे.