उसाचा युरिया आणि उपसागराचा श्वास

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या पावसाला दोन समुद्र आहेत. कणकुंबीला मलप्रभेत उतरलेलं पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातं. भीमगडच्या रानातलं म्हादईतून पणजीला, अरबी समुद्रात. या पाण्यावरून भांडणं पुष्कळ झाली. त्यातून काय वाहून जातं, हे कुणी फारसं विचारत नाही.

प्लास्टिक डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याची ओरड होते. युरिया विरघळतो. उसाला टाकलेल्या खतातला बराच नायट्रोजन पिकाला लागतच नाही. तो नायट्रेट होऊन पावसात ओढ्याला जातो, विशेषतः पाट सोडून एकदम मात्रा दिली असेल तर. बेळगाव शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाला मार्कंडेय नदीत नेतो, ते वेगळंच.

समुद्रात हे खत पोचलं की शैवाल फोफावतं. ते मरून खाली जाताना जिवाणू त्याला कुजवतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसलेला थर मुळातच आहे, प्रदूषणाच्या आधीपासून. बहुतेक माशांना तिथे थारा नाही. काही जिवाणू मात्र ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात आणि शेवटी नायट्रोजन वायू सोडतात. समुद्रातलं जादा खत असं हवेत परत जातं. छान व्यवस्था वाटते, पण वाटेत नायट्रस ऑक्साइडही सुटतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 270 पट तापवणारा आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस तो वाढलेला आढळतो, हे 2000 सालीच नोंदलं गेलं.

असंच काम करणारे दुसरे जिवाणू अमोनियम आणि नायट्राइट यांपासून नायट्रोजन बनवतात. गंमत म्हणजे त्यांचा शोध समुद्रात लागला नाही, तर 1990च्या दशकात नेदरलँड्समधल्या सांडपाणी प्रक्रियेत लागला!

बंगालच्या उपसागराचं प्रकरण अधिक नाजूक. तिथल्या थरात ऑक्सिजनचा अगदी मागमूस उरला आहे, पृष्ठभागाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एवढ्यानेही नायट्रोजन उडवणाऱ्या जिवाणूंना लगाम बसला आहे. खताची भर पडून हा उरलासुरला ऑक्सिजनही संपला, तर हा उपसागर अरबी समुद्राच्या वाटेने जाऊ शकतो.

आपल्या शिवारातला सगळा युरिया तिथवर जातो, असं मुळीच नाही. मलप्रभेवरचं नविलतीर्थ, पुढे कृष्णेवरची नारायणपूर, नागार्जुनसागर ही धरणं वाटेत उभी आहेत आणि कृष्णेचं बहुतेक पाणी शेतीतच मुरतं. 2019 सारखा महापूर आला, की मात्र सगळ्या धरणांचे दरवाजे उघडतात.