नेपथ्य

नेपथ्य म्हणजे नाटकातले स्थळ आणि काळ उभा करण्यासाठी रंगमंचावर केलेली मांडणी: भिंती, दारे-खिडक्या, जिने, चौथरे, सामानसुमान. आजच्या मराठीत हा अर्थ इतका पक्का आहे की, शब्द मुळात कपड्यांचा आहे हे सांगावे लागते. अमरकोशात तो आकल्प, वेष, प्रतिकर्म, प्रसाधन यांच्या पंगतीत, म्हणजे नटण्या-सजण्याच्या शब्दांत येतो.

संस्कृत नाटकांत त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘शाकुंतला’च्या प्रारंभी सूत्रधार नेपथ्याकडे पाहून नटीला म्हणतो, नेपथ्यविधान आटोपले असेल तर इकडे ये. तो पाहतो ते नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा आणि आटोपायचे ते नेपथ्य म्हणजे वेशभूषा. थोड्याच वेळात ‘नेपथ्ये’ या सूचनेसह मागून आवाज येतो, हे राजा, हा आश्रममृग आहे, मारू नकोस. संस्कृत संहितांमध्ये असे न दिसणाऱ्याचे बोलणे ‘नेपथ्ये’ या एका शब्दाने दाखवतात.

या जागेचे माप भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. मध्यम आकाराचे आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. निम्मे प्रेक्षकांचे, उरलेल्याच्या पुढच्या भागात रंगभूमी आणि अगदी मागे नेपथ्यगृह. तिथून रंगावर यायला दोन दारे. नट तिथे सजत आणि तिथूनच प्रवेश करत. पण नाट्यशास्त्राची आहार्य अभिनयाची, म्हणजे वेश, रंग आणि साधने यांतून होणाऱ्या अभिनयाची, व्याख्याच ‘नेपथ्यज विधी’ अशी आहे आणि त्याच्या चार प्रकारांत अलंकार, अंगरचना (अंग रंगवणे), संजीव (रंगावर आणलेले प्राणी) यांच्या बरोबरीने ‘पुस्त’ही येते. पुस्त म्हणजे चटई, कापड, चामडे वापरून केलेले डोंगर, रथ, विमाने, ध्वज. तेव्हा मराठीने शब्दाला नवाच अर्थ चिकटवला असे म्हणणे पूर्ण खरे नाही. चारांतला एक धरला आणि वाढवला.

बाकीचे अर्थ वाटले गेले. सजण्याची खोली झाली रंगपट किंवा मेकअप रूम, आडोशाची जागा झाली विंग, कपडे गेले वेशभूषेकडे. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा अशी ओळ छापतात, तेव्हा शब्द आणि त्याचा जुना अर्थ वेगवेगळ्या माणसांच्या नावांपुढे दिसतात.

संगीत नाटकांच्या काळात नेपथ्य म्हणजे मुख्यतः रंगवलेले पडदे: राजवाडा, जंगल, रस्ता. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे सिनेमाकडे वळण्याआधी अशा पडद्यांसाठी नावाजलेले होते. खांबाची सावली पडद्यावरच रंगवलेली असे, उजेड कुठूनही येवो. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले, त्यात बंदिस्त खोलीचे वास्तव नेपथ्य होते. पुढे दिवाणखाना हे मराठी नाटकाचे जणू कायमचे बिऱ्हाड झाले. त्या दिवाणखान्यातल्या सोफ्याला नावे ठेवणाऱ्या समीक्षकांचे काही अंशी बरोबरच होते. दामू केंकरे, मोहन वाघ, रघुवीर तळाशीलकर, बाबा पार्सेकर, प्रदीप मुळ्ये यांनी नेपथ्यकार हे नाव प्रेक्षकांच्या ओळखीचे केले.

भिंतीचा घटक म्हणजे फ्लॅट: लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेले कापड किंवा ठोकलेले प्लाय. प्रेक्षकाला गुळगुळीत रंग दिसतो. मागून मात्र पट्ट्या, खिळे, तिरका टेकू आणि तो सरकू नये म्हणून ठेवलेले वजन दिसते. नटाने रागाच्या भरात दार जरा जोरात आपटले की भिंतीवरच्या तसबिरी हलतात. मराठी नाटक फिरते असल्याने नेपथ्य टेम्पोत मावले पाहिजे, प्रयोगापूर्वी उभे राहिले पाहिजे आणि लगेच निघालेही पाहिजे. पुण्याला व्यवस्थित बसलेला सेट तालुक्याच्या अरुंद रंगमंचावर एक फ्लॅट गाळून लावावा लागतो. कामगार मंडळी मात्र नेपथ्य म्हणत नाहीत. ती ‘सेट लावतात’.

नेपथ्याला लाकूडच लागते असे नाही. कोकणातल्या दशावतारात एक बाक सिंहासन म्हणून चालतो. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) ओळीने उभे राहिलेले नट हाच पडदा; ते पाठ फिरवतात, बाजूला होतात आणि मागचे दृश्य उघडते.

शेजारच्या भाषांनी वेगळी वाट धरली. हिंदी आणि बंगालीत नेपथ्य म्हणजे पडद्यामागे, तेलुगूत पार्श्वभूमी. तिथे पार्श्वगायक हा ‘नेपथ्य गायकुडु’ असतो. मराठी वृत्तपत्रांत एखादा पुढारी ‘नेपथ्यातून सूत्रे हलवतो’, तेव्हा तोच जुना अर्थ पुन्हा डोकावतो. एरवी त्यासाठी मराठी माणूस ‘पडद्याआडून’ म्हणतो.